नळवाले डॉक्टर आणि पाचवं सायटेशन

डॉक्टरांना प्राध्यापक व्हायला फक्त एक माणूस कमी पडत होता.

हा माणूस कसाही चालला असता. त्याने एवढंच करायचं होतं की डॉक्टरांचा एक विशिष्ट शोधनिबंध वाचायचा आणि आपल्या स्वतःच्या शोधनिबंधाच्या शेवटी, संदर्भांच्या बारीक टाइपात, त्याचा उल्लेख करायचा. न वाचता केला असता तरी डॉक्टरांची काही हरकत नव्हती. जगात एवढी माणसं, रोज एवढं छापून येतं, आणि त्यात एकालाही आपल्यासाठी एक ओळ खर्चायला जड जावं, याचं डॉक्टरांना मनापासून वाईट वाटत होतं.

डॉक्टर मूत्ररोगतज्ज्ञ होते. एका मोठ्या रुग्णालयात, त्याला जोडलेल्या कॉलेजात, सहयोगी प्राध्यापक. यातला 'सहयोगी' हा शब्द त्यांच्या खोलीच्या पाटीवर इतकी वर्षं होता की नवे विद्यार्थी त्याला त्यांच्या नावाचाच भाग समजत. आता प्राध्यापकाची जागा निघाली होती आणि ही शेवटची संधी होती, कारण पुढच्या खेपेला ते वयाच्या अटीतून बाहेर पडणार होते. या जागेसाठी दुसरा उमेदवार होता तो त्यांचाच जुना विद्यार्थी. ज्याला टाका कसा घालावा हे आपण हात धरून शिकवलं, त्याच्यासमोर उद्या रजेचा अर्ज घेऊन उभं राहायचं, या कल्पनेने डॉक्टरांचा घास घशाखाली उतरत नव्हता.

निवड समितीची अट अशी होती की उमेदवाराचे किमान पाच शोधनिबंध असे हवेत, ज्यांचा दाखला इतरांनी किमान पाच-पाच वेळा दिला आहे. अशा दाखल्याला सायटेशन म्हणतात. डॉक्टरांचे मूतखड्यांवरचे चार निबंध या परीक्षेत व्यवस्थित पास झाले होते. पाचव्याला सायटेशनं होती चार.

"म्हणजे एका मार्काने गाडी अडलीय," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवत असे. "ग्रेस नाही का देत?"

"ही शाळा नाहीये."

"तेच म्हणते मी. शाळेत दिला असता."

हा जो पाचवा निबंध, तो डॉक्टरांचा सगळ्यात लाडका होता. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं की रुग्णाला काही दिवस लघवीची नळी ठेवतात. मग एका सकाळी ती काढतात आणि सगळे वाट बघत बसतात. रुग्ण वाट बघतो, नातेवाईक वाट बघतात, फोनवरून लांबचे नातेवाईक वाट बघतात. संध्याकाळपर्यंत लघवी झाली तर माणूस घरी जातो, नाही झाली तर नळी पुन्हा आत. या मधल्या काळात माणसाच्या चेहऱ्यावर जे भाव असतात ते डॉक्टरांनी परीक्षेच्या निकालाच्या दिवशीही कुणाच्या चेहऱ्यावर पाहिले नव्हते. तर डॉक्टरांच्या असं लक्षात आलं की वॉर्डातल्या ज्या बाथरूमचा नळ कायम गळत असे, तिथे जाणारे रुग्ण लवकर मोकळे होतात. त्यांनी चांगली दोन वर्षं घालवून हे शास्त्रशुद्ध पद्धतीने सिद्ध केलं. लहान मुलाला पायांवर धरून 'शूऽऽ' करणाऱ्या प्रत्येक आईला हे आधीच ठाऊक होतं, पण आयांनी ते कुठे छापलेलं नव्हतं. तेव्हापासून सगळं रुग्णालय त्यांना पाठीमागे 'नळवाले डॉक्टर' म्हणे. समोर म्हणत नसत, पण समोरून वळले की लगेच म्हणत.

पहिला उपाय घरातूनच निघाला. बायकोचा धाकटा भाऊ जनावरांचा डॉक्टर होता आणि गुरांच्या कॉलेजात शिकवत होता.

"भाऊजी, एवढ्यासाठी काय तोंड पाडून बसलात?" तो म्हणाला. "माझा पेपर येतोच आहे. बादलीचा आवाज आला की गाय पान्हा सोडते, यावर. त्यात तुमचा नळ चपखल बसतो. माणूस काय नि गाय काय."

डॉक्टरांना ही शेवटची तुलना फारशी रुचली नाही. आपलं आयुष्यभराचं काम गोठ्यात जाऊन उभं राहणार, हे त्यांना दोन दिवस पटेना. मग त्यांनी मनाची समजूत घातली की विज्ञानाला गोठा आणि दिवाणखाना सारखेच. गायींचा निबंध छापून आला. डॉक्टरांनी तो उभ्यानेच शेवटच्या पानापासून वाचायला घेतला, आणि त्यांचं नाव त्यात नव्हतं. संपादकांनी जागेअभावी शेवटचे काही संदर्भ कापले होते.

"पण आभारात आहात ना तुम्ही!" मेव्हणा फोनवर म्हणाला.

ते मात्र खरं होतं. आभारात छापलं होतं, 'लघवीच्या विषयात सदैव प्रेरणा देणारे माझे भाऊजी.' आभारांची सायटेशनं धरत नाहीत.

यानंतर हे प्रकरण घराबाहेर गेलं, आणि त्याला कारण बायको. तिने जिन्यात उभं राहून वरच्या मजल्यावरच्या टाकीकाकांना सांगितलं की हे हल्ली जेवत नाहीत. टाकीकाका पाणीपुरवठा खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते. खात्याने त्यांना सोडलं होतं, त्यांनी पाण्याला सोडलं नव्हतं. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीची पातळी ते सकाळ-संध्याकाळ स्वतः जाऊन बघत आणि कुणाच्या घरात नळ गळत असेल तर तो त्यांना जिन्यातून ऐकू येई. ते जेवण न जाण्याचं कारण विचारायला म्हणून खाली आले आणि जाताना निबंध घेऊन गेले.

त्यांनी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. अशा तऱ्हेने वाचणारा त्या निबंधाला हा दुसराच माणूस. पहिला कोण ते पुढे येईल. डॉक्टर हरखून गेले. मात्र परत येताना टाकीकाकांचा चेहरा लाल झाला होता.

"डॉक्टर, तुम्ही माणूस म्हणून सज्जन आहात, म्हणून विचारतो. हा नळ किती वेळ सोडून ठेवता?"

"रुग्णाला होईपर्यंत."

"आणि नाही झाली तर?"

"तर... सोडलेलाच राहतो."

टाकीकाकांनी डोळे मिटून घेतले. मग निबंध काखेत घालून ते वर गेले. आणि आठवडा उलटायच्या आत वर्तमानपत्रात वाचकांच्या पत्रांमध्ये त्यांचं पत्र आलं. मथळा होता 'एका लघवीला किती पाणी?' त्यात निबंधाचं पूर्ण नाव, वर्ष, पान, तक्ता, सगळं बिनचूक दिलं होतं. डॉक्टर ते पत्र घेऊन तडक कॉलेजच्या ग्रंथपालबाईंकडे गेले. सायटेशनांचा हिशेब कॉलेजच्या वतीने त्याच ठेवत.

बाईंनी चष्मा वर करून पत्र वाचलं. "दाखला फार सुरेख दिलाय," त्या म्हणाल्या. "आपल्या विद्यार्थ्यांना दाखवायला हवा. पण वर्तमानपत्र धरत नाहीत, सर."

वर्तमानपत्र सायटेशनला धरत नसले तरी पाणीपुरवठा खात्यात धरतात, हे दुसऱ्या दिवशी कळलं. खात्याचा अधिकारी वॉर्डात आला, त्याने बाथरूमचा तो ऐतिहासिक नळ बघितला, दोनदा मान हलवली आणि नळाच्या मानेला तार गुंडाळून खात्याचं सील ठोकून गेला. चौकशी पूर्ण होईपर्यंत नळ बंद. चौकशी कोण करणार असं विचारल्यावर तो म्हणाला, ते अजून ठरायचंय.

बायकोने त्या संध्याकाळी जिना चढून वर जाऊन टाकीकाकांना जे सुनावलं ते खाली डॉक्टरांनाही नीट ऐकू आलं. टाकीकाका एवढंच म्हणत राहिले, "अगं, मला पाण्याचा आवाज नकोय असं कुठंय? मला पाणी वाया जायला नकोय."

"मग तसा आवाज काढून दाखवा," बायको म्हणाली आणि खाली आली.

आता नळही गेला होता. डॉक्टर ग्रंथालयात जाऊन नुसते बसत. एक दिवस ग्रंथपालबाईंना त्यांची दया आली असावी.

"सर, तुमची ही चारही सायटेशनं एकाच माणसाची आहेत, बघितलंत?"

डॉक्टरांनी बघितलं नसेल कसं? हाच तो निबंध शेवटपर्यंत वाचणारा पहिला माणूस. दूरच्या शहरातल्या एका कॉलेजात ते मूत्ररोगांचेच प्राध्यापक होते आणि त्यांचं मत असं होतं की नळाबिळाचं सगळं झूट आहे. त्यांच्या मते माणसाला लागतो तो एकांत. दार घट्ट लागलं, कडी बसली, बाहेर कुणी उभं नाही अशी खात्री पटली, की झालं. हे मत त्यांनी चार निबंधांत मांडलं होतं आणि प्रत्येक वेळी सुरुवात डॉक्टरांच्या निबंधाची चिरफाड करून केली होती. डॉक्टरांनीही प्रत्येक वेळी त्यांचा दाखला देऊन त्यांना उत्तर दिलं होतं. घरात त्यांचा उल्लेख 'दारवाले' असा होई, आणि तो होताना डॉक्टर भांडी जरा जोरात ठेवत.

"चारही ठिकाणी त्यांनी मला झोडपलंय," डॉक्टर म्हणाले.

"यंत्र मोजतं, सर. वाचत नाही. शिव्या दिल्या तरी सायटेशन ते सायटेशनच." बाईंनी पुस्तकावर शिक्का मारला. "दोन वर्षं झाली, त्यांनी काही लिहिलं नाहीये. आधी इतके नियमित होते."

डॉक्टर घरी आले ते अपमान आणि आशा यांच्या बरोबर मध्यावर उभे राहून. ज्या माणसाने आपल्या निबंधाला 'ऐकायला गोड, तपासायला पोकळ' असं छापून म्हटलं, त्याच्याकडे जाऊन म्हणायचं काय, तर कृपा करून आणखी एकदा म्हणा! पण वयाची अट अपमान बघत नाही. त्यांनी पत्र लिहायला घेतलं. चांगलं दोन पानी, सभ्य, दोन्ही बाजूंचा तोल सांभाळणारं.

बायकोने पेपर तपासायचं लाल पेन बाजूला ठेवून ते वाचलं. "हे वाचून तो माणूस आभार मानेल आणि झोपून जाईल. तुम्हाला त्याला उठवायचंय." मग तिने पुन्हा पेन उचललं आणि दोन पानांतलं सगळं खोडून खाली दोनच वाक्यं ठेवली. 'दाराविषयी आपण बऱ्याच दिवसांत काही लिहिलेले दिसत नाही. माघार घेतली असे समजावे काय?'

डॉक्टरांनी डोळे मिटून ते पाठवून दिलं.

उत्तर आलं ते त्याहून छोटं होतं. 'माघार घेतलेली नाही. येतो आहे.'

यातल्या दुसऱ्या वाक्याने घरात खळबळ उडाली. येतो आहे म्हणजे काय? मेव्हण्याचं मत पडलं की भाऊजींनी त्या दिवशी रजा घ्यावी. टाकीकाका, ज्यांच्याशी बायको अजून नीट बोलत नव्हती, ते जिन्यातून म्हणाले की दोन विद्वानांची समोरासमोर गाठ पडणं शास्त्राच्या दृष्टीने चांगलंच, फक्त खोलीत फेकण्याजोगं काही ठेवू नये. डॉक्टरांनी आपले मुद्दे काढले, तक्ते काढले, आरशासमोर उभं राहून 'आपल्या मताचा मी आदर करतो' हे वाक्य आदर न दिसेल अशा पद्धतीने म्हणून बघितलं.

दारवाले सर आले ते हातात कपड्यांची पिशवी आणि काखेत तपासण्यांची फाइल घेऊन. अंगाने किरकोळ, केस पांढरेशुभ्र, आणि खोलीत शिरल्या शिरल्या त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "इथलं बाथरूम कुठंय?"

परत यायला त्यांना बराच वेळ लागला. तोपर्यंत डॉक्टरांनी मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून जे ओळखायचं ते ओळखलं होतं.

"दोन वर्षं लिहिलं नाही, कारण लिहायला बसावं लागतं," दारवाले सर खुर्चीच्या कडेवर टेकत म्हणाले. "एक परिच्छेद पुरा होत नाही तोवर उठावं लागतं. ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही."

"पण सर, तुमच्या शहरात एकाहून एक..."

"आहेत ना. माझेच विद्यार्थी आहेत. ऑपरेशन कुणीही करील." त्यांनी फाइल टेबलावर ठेवली. "पण नळी काढल्यानंतरचा तो जो वेळ असतो, त्याचा आयुष्यभर विचार केलेली माणसं दोनच. एक मी. आणि मला स्वतःला स्वतःचं करता येत नाही."

डॉक्टरांनी मुद्द्यांचे कागद हळूच ड्रॉवरमध्ये सारले. त्यांना एकदम भरून आलं. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाबद्दल इतकं चांगलं कुणीच बोललं नव्हतं, आणि बोललं कोण, तर हा माणूस. सायटेशनचा विषय काढायचं त्यांना त्या क्षणी अगदीच कानकोंडं वाटलं.

ऑपरेशन सुरेख झालं. नळी काढायचा दिवस उजाडला. मोठ्या सिस्टरांनी सकाळीच नळी काढली, दारवाले सरांना भरपूर पाणी पाजलं आणि काही वेळाने ते हळूहळू चालत बाथरूमपाशी गेले. तिथून त्यांची हाक आली.

"डॉक्टर, दार कुठंय?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे डॉक्टरांना माहीत होतं. निबंधाच्या दोन वर्षांत नळ इतका वाहिला होता की दाराची खालची बाजू कुजून गेली होती. मग ते दुरुस्तीला गेलं. दुरुस्ती होऊन ते सुतारखात्यात आजही भिंतीला टेकून उभं होतं, कारण दार हे फर्निचरमध्ये धरायचं की इमारतीत, यावर दोन खात्यांचा पत्रव्यवहार चालू होता. डॉक्टरांनी पाठपुरावा केला असता तर ते केव्हाच परत आलं असतं. पण डॉक्टर पडले नळवाले. दारावर त्यांची श्रद्धाच नव्हती. तिथे खांद्याएवढ्या उंचीवर एक पडदा लोंबत होता आणि वरून माणसाचं डोकं वॉर्डभर दिसे.

"आणि नळाला हे काय बांधलंय?" आतून दुसरा प्रश्न आला.

"ती... चौकशी चालू आहे."

दारवाले सरांनी पडद्यावरून डोकं काढून डॉक्टरांकडे नुसतं बघितलं. माणसाने आयुष्यभर ज्याच्याशी वाद घातला त्याच्या वॉर्डात यावं आणि तिथे दोघांपैकी एकाचाही सिद्धान्त जागेवर नसावा, असं ते बघणं होतं.

डॉक्टर धावत सुतारखात्यात गेले. तिथल्या कारकुनाने त्यांना दार दाखवलं, हात लावू दिला, पण नेऊ दिलं नाही. "आज इमारतवाल्यांची सही आली तर आजच घेऊन जा," तो म्हणाला. इमारतवाले साहेब रजेवर होते. डॉक्टर तसेच परत आले तेव्हा दुपार कलली होती, दारवाले सरांचं पोट फुगायला लागलं होतं आणि ते खाटेवर दोन्ही हातांनी चादर घट्ट धरून बसले होते. मोठ्या सिस्टरांनी नव्या नळीचा ट्रे मांडून ठेवला होता.

"अजून थोडं थांबू या, सिस्टर."

"सर, माझं काही नाही. त्यांना विचारा."

दारवाले सरांनी मान हलवली. कपाळावर घाम होता. "पुन्हा नळी नको हो," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. छापील चार निबंधांतला तो ताठा त्यात कुठेच नव्हता. हे एवढं साकडं डॉक्टरांनी आजवर शेकडो रुग्णांच्या तोंडून ऐकलं होतं, पण या माणसाच्या तोंडून ते ऐकवत नव्हतं. समिती, जागा, पाटी, सगळं त्यांच्या डोक्यातून पार गेलं.

याच वेळी वॉर्डाच्या तोंडाशी टाकीकाका उभे राहिले. त्यांच्या दोन्ही हातांत दोन पत्र्याचे डबे होते आणि मागे बायको होती. तीच त्यांना घेऊन आली होती.

"पाणी तेच," टाकीकाका धापा टाकत म्हणाले. "या डब्यातलं त्या डब्यात, त्या डब्यातलं या डब्यात. आवाज हवा तेवढा, एक थेंब वाया नाही. घरी करून बघितलंय. तुमची ही म्हणाली होती ना, काढून दाखवा म्हणून."

"आवाजाचं झालं," डॉक्टर म्हणाले. "दाराचं काय?"

मग डॉक्टरांनीच खाटेवरची जाडजूड चादर ओढून घेतली. ते बाथरूमच्या चौकटीत आतल्या बाजूला पाठ करून उभे राहिले, दोन्ही हात वर करून त्यांनी चादर चौकटीच्या दोन्ही कोपऱ्यांना ताणून धरली. दारवाले सर त्यांच्या काखेखालून आत गेले. मोठ्या सिस्टरांनी सगळ्या वॉर्डाला भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि वॉर्डानेही, एरवी कुणाचं ऐकत नसे तो, मुकाट्याने केलं. टाकीकाका चादरीपाशी डबे घेऊन उकिडवे बसले.

"दार हलतंय," आतून आवाज आला.

"दाराचे हात दुखतायत, सर."

"दाराने बोलू नये."

वर धरलेल्या हातांना मुंग्या आल्या, नाक खाजायला लागलं. सहयोगी प्राध्यापकाला एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर दार म्हणून उभं राहावं लागतंय हे दोन विद्यार्थी जिन्यातून बघत होते, तेही त्यांना दिसलं, पण आज त्यांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि कान आत लावले. टाकीकाकांनी पाणी ओतायला सुरुवात केली. धार पडली, डबा भरला, थांबली. टाकीकाका डबे बदलत होते.

आणि त्या थांबलेल्या वेळात डॉक्टरांना आवाज आला. आधी थेंब थेंब, मग धरत-सोडत, मग एकसलग. हा आवाज त्यांनी आयुष्यभर ऐकला होता, तो डब्याचा नव्हता. टाकीकाकांनी घाईघाईने पुढची धार सोडली तोवर आत सगळं सुरळीत चालू झालं होतं.

मोठ्या सिस्टरांनी ट्रे उचलून नेला. बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि टाकीकाकांना म्हणाली, "काका, चहा घेऊनच जा हं." डॉक्टर अजून हात वर करूनच उभे होते, कारण खाली करायचे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दारवाले सर खाटेवर मांडी घालून बसले होते, वीस वर्षांनी लहान दिसत होते. "हे लिहायलाच हवं," ते म्हणाले. "संपादकांना पत्र म्हणून. आपण दोघं मिळून. माझ्या नावाशेजारी तुमचं नाव. काय म्हणता?"

एरवी डॉक्टर या वाक्यासाठी हातची शस्त्रक्रिया सोडून आले असते. पण दोघांच्या नावाने लिहिलं की तो आपणच आपल्याला दिलेला दाखला ठरणार, आणि तो कुणी धरत नाही. त्यांनी खाली बघत, अडखळत, अट, समिती, वय, जुना विद्यार्थी, सगळं सांगून टाकलं. आपण ते पत्र का पाठवलं होतं, तेही.

दारवाले सर ऐकत होते. मग ते हसायला लागले, आणि टाके दुखतात म्हणून पोट धरून हसत राहिले.

"अहो, मी प्राध्यापक कसा झालो असं वाटतं तुम्हाला? माझ्या दारावरच्या निबंधांना सायटेशनं कुणी दिली? तुम्हीच! प्रत्येक वेळी चिडून उत्तर लिहिलंत म्हणून." त्यांनी डोळे पुसले. "म्हणजे नाव वर नको, खाली हवं."

"खालीच हवं, सर," डॉक्टर म्हणाले. "बारीक टाइपात."

पत्र छापून आलं. समितीच्या दोन दिवस आधी ग्रंथपालबाईंचा फोन आला. त्यांनी 'पाच' एवढा एकच शब्द उच्चारला आणि त्याही फोनवर हसल्या असाव्यात. समितीने आकडा बघितला, आणखी चार प्रश्न विचारले, त्यांपैकी एकही नळाबद्दल नव्हता. जागा डॉक्टरांना मिळाली. जुना विद्यार्थी सगळ्यात आधी अभिनंदनाला आला आणि वाकून पाया पडला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला पुढच्या खेपेसाठी सायटेशनं कशी जमवावीत ते अर्धा तास समजावून सांगितलं. नवी पाटी लागली. प्राध्यापक म्हणून त्यांनी पहिली सही केली ती दार वॉर्डात आणण्याच्या कागदावर, त्यात फर्निचर आणि इमारत या दोन्ही रकान्यांत खूण करून.

गडबड ओसरल्यावर एका सुट्टीच्या सकाळी ते टेबलाशी बसून दारवाले सरांचं छापील पत्र पहिल्यांदा शांतपणे वाचायला लागले. आतापर्यंत त्यांनी फक्त शेवटचा संदर्भ पुन्हा पुन्हा वाचला होता. पत्रात लिहिलं होतं, 'नळाच्या आवाजाचा उपयोग होत नाही असे मी आजवर चार वेळा लिहिले. त्या चारही वेळी मी दाराच्या बाहेर उभा होतो. या वेळी आत होतो. नळवाल्या डॉक्टरांचे म्हणणे खरे आहे. मी मोकळा झालो तो पाण्याच्या आवाजाने.'

डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा ऊर भरून आला. मग तिसऱ्यांदा वाचलं, आणि त्यांच्या कपाळाला हळूहळू आठी पडली. त्यांनी कोरा कागद पुढे ओढला.

"आता काय झालं?" बायकोने विचारलं. "जिंकलात ना?"

"चूक आहे ते," डॉक्टर म्हणाले. "साफ चूक. काका डबे बदलत होते तेव्हा. पाण्याचा आवाज बंद होता."

"अहो, पण ते तुमचीच बाजू घेतायत!"

"म्हणून काय झालं? उत्तर द्यायलाच हवं." आणि त्यांनी वर दारवाल्या सरांचा दाखला दिला, वर्ष आणि पानासकट, बिनचूक, आणि खाली पहिलं वाक्य लिहिलं.

'आमच्या विद्वान मित्रांचे मत आदरणीय आहे; परंतु ते त्या वेळी आत होते, आणि दार मी होतो.'